नऊ आठवडे मागच्या सीटवर

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या हॉर्शम गावच्या निवृत्तांच्या क्लबात दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी कुणीतरी भाषण करतं आणि बाकीचे झोप पूर्ण करून घेतात. जानेवारीत एकाने मधमाश्यांवर पाऊण तास काढला. फेब्रुवारीत विल्मा टेट उभी राहिली. विषय काय, तर युरोपच्या प्रवासाला गाडी भाड्याने घ्यावी की लीजवर. ही बाई आयुष्यात एकदाच, अकरा आठवडे, युरोपला जाऊन आली आणि तेव्हापासून हॉर्शममध्ये आपण पाहुण्या आहोत अशा थाटात वावरते. बाजारात चीज बोटाने दाबून बघते आणि उसासा सोडून परत ठेवते.

तिने सत्त्याऐंशी फोटो दाखवले. त्यातल्या निदान चाळिसात गाडी होती. गाडी आणि मागे चर्च, गाडी आणि मागे डोंगर, गाडी आणि मागे तिचा नवरा. लाल नंबरप्लेटची गाडी, पाहुण्यांना देतात ती.

"भाड्याची गाडी म्हणजे दुसऱ्याची," विल्मा म्हणाली. "लीजची म्हणजे आपलीच. कारखान्यातून आलेली कोरी करकरीत! फ्रान्समध्ये हातात देतात, निघताना तिथंच परत करायची. विमा पूर्ण, ओरखडा पडला तरी एक पैसा मागत नाहीत. फक्त आपण युरोपबाहेरचे हवेत, आणि निदान तीन आठवडे गाडी ठेवायला हवी. चालवायला नवरा, बायको, मुलं, आईबाप, कुणीही. त्याचे वेगळे पैसे नाहीत. पण घरचंच माणूस हं! शेजारी, दोस्त, असलं कुणी चालत नाही."

"माझे आईबाप आता चालवतील ती ढगातूनच," मागून कुणीतरी बोललं आणि सगळे जागे झाले.

मी मात्र आधीच ताठ बसले होते. बायको. वेगळे पैसे नाहीत. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे, नेव्हिलकडे, मी पाहिलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला होता आणि त्याचं तोंड आंबट झालं होतं. त्याने त्याच बोलण्याचा दुसरा अर्धा भाग ऐकला होता: दोस्त चालत नाही.

हे का, ते सांगते. आमच्या विमेरा भागात एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण सरकारी कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो. दोन जोडपी एका गाडीने निघाली की पुरुष पुढे आणि बायका मागे. तेल कुणी भरलं, गाडी कुणाची, कुणाला उलटी होते, काही विचारायचं नाही. पुढे दोघे पाऊस आणि गव्हाचा भाव यावर बोलतात, आणि मागे दोघी त्यांच्या मानेवरच्या सुरकुत्या बघत बसतात.

मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. नॅटिमकहून हॉर्शम, सकाळ-संध्याकाळ. त्रेचाळीस पोरं, मार्चमध्ये धूळ, जुलैमध्ये धुकं, आणि अधूनमधून रस्त्यात मरायलाच उभे असल्यासारखे कांगारू. एकदाही गाडी ठोकली नाही. नेव्हिलने चाळीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकले. पण दोघं मिळून कुठे निघालो की किल्ली त्याच्याकडे. माझी जुनी छोटी गाडी आहे, ती मी एकटी असेन तेव्हापुरती. एकदा मी म्हटलं, आज मी चालवते, तर म्हणाला, "लोक म्हणतील मी आजारी आहे."

या मे महिन्यात आम्ही चौघं युरोपला निघणार होतो. नऊ आठवडे. आम्ही दोघं, नेव्हिलचा शाळेपासूनचा दोस्त केल्व्हिन आणि त्याची बायको रॉझलिन. केल्व्हिन जन्मभर धान्याचे ट्रक चालवत आला. बोलायला त्याला वर्षाला साधारण दोनशे शब्द मिळतात आणि त्यातलेही तो शिल्लक ठेवतो. रॉझलिनचं सांगायचं तर ती मागच्या सीटसाठीच जन्माला आली. बसल्या बसल्या संत्री सोलते आणि एकेक फोड पुढे देते. बिया काढून! माणसाने किती खाली वाकावं याला काही मर्यादा असते.

क्लबहून परतल्यावर दुपारी चौघं आमच्या स्वयंपाकघरात बसलो. टेबलावर युरोपचा नकाशा होता आणि नकाशावर फ्रूटकेक.

"भाड्याचीच घ्यायची," नेव्हिलने जाहीर केलं. "केल्व्हिनच्या नावावर. पाळीपाळीनं चालवू आम्ही."

"पाळीपाळीनं म्हणजे कोण?" मी विचारलं.

"म्हणजे केल्व्हिन आणि मी."

"मग दुसरा ड्रायव्हर म्हणून तुझं नाव घालायला पैसे पडतील. दिवसाला बारा युरो."

"ते तिथं गेल्यावर बघू."

"बघायचंच असेल तर माझं नाव घाला. फुकटात पाहिजे असेल तर लीज घ्या, मी बायको आहे, माझे पैसे पडत नाहीत. नऊ आठवड्यांना लीज स्वस्तही पडते, मी हिशोब केलाय."

"लीज आपल्या नावावर घेतली तर केल्व्हिननं स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ऐकलंस ना विल्माचं?"

"ऐकलं. म्हणूनच म्हणते."

केल्व्हिन फ्रूटकेकमधली एकेक बेदाणा बाजूला काढत होता. रॉझलिन म्हणाली, "मला मागे काही त्रास नसतो हं. मागे उलट सावली असते."

"तुला कुणी विचारलं?" मी म्हणाले. ती हसली. तिला काहीही म्हटलं तरी ती हसते.

"तिकडे उजव्या बाजूनं चालवतात," नेव्हिल मला समजावू लागला, जणू मी कालच ओट्याखालून बाहेर आले होते. "रस्ते अरुंद. गावातून तर गाडी भिंतीला घासून जाते. तुला सवय नाही."

"आणि तुला आहे? तुझी सवय म्हणजे घर ते दुकान आणि दुकान ते घर."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरात सव्वीस वर्षांची ड्रायव्हर बसलीय आणि हा शेजारच्या गल्लीतून माणूस आणतोय. मला वाटलं, हे सगळं पैशांसाठी चाललंय. गाडी केल्व्हिनच्या नावावर म्हणजे डिपॉझिट केल्व्हिनच्या कार्डावर, ओरखडा पडला तर भुर्दंड केल्व्हिनला. नेव्हिलचा चिकटपणा मला नवा नव्हता. गेल्या ऑक्टोबरपासून तर त्याने कहर केला होता. नाताळात मुलीकडे बॅलरॅटला जायचं, तर केल्व्हिनच्या गाडीतून. स्टॉवेलला लग्न, केल्व्हिनच्या गाडीतून. पेट्रोल वाचतं म्हणे. आणि मी मागे, रॉझलिनच्या संत्र्यांच्या वासात.

"बरं," मी म्हणाले, "मग लीज केल्व्हिनच्याच नावावर घ्या. स्वस्तही पडेल आणि तुझा लाडका ड्रायव्हरही मिळेल. तुम्ही दोघं पुढे बसा आणि एकमेकांचे हात धरा."

मी टोमणा मारला होता. पण नेव्हिल असा उठला की खुर्ची मागे पडली.

"केल्व्हिनच्या नावावर लीज घ्यायची नाही! अजिबात नाही! एकदा सांगितलं ना, भाड्याची!"

आणि बाहेर टोमॅटोंना पाणी घालायला गेला. सकाळीच घातलेलं होतं. केल्व्हिन टेबलक्लॉथकडे बघत राहिला. ज्या माणसाला चार डॉलर वाचले की आनंदाने झोप लागत नाही, तो स्वस्त गाडीवर का खेकसला, असा प्रश्न कुठल्याही शहाण्या बाईला पडला असता. मला नाही पडला. मला फक्त एवढं सुचलं की म्हातारा आता बिघडत चाललाय.

दोन दिवस मी घरात भांडी आपटली. मग ठरवलं, जो माणूस ऐकत नाही त्याच्याशी बोलण्यात काय अर्थ? लीज माझ्या नावावर घ्यायची. केल्व्हिनला पुढे बसायचं असेल तर पायी यावं. गुरुवारी दुपारी नेव्हिल पांढरे कपडे घालून बोल्स खेळायला, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायला, गेला, आणि मी कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला.

नाव, पत्ता, पासपोर्ट, सगळं भरलं. मग चालवणाऱ्यांची माहिती. पहिला ड्रायव्हर, ग्लेनिस, म्हणजे मी. लायसन्सचा नंबर, मुदत. दुसरा ड्रायव्हर, नवरा. मी इतकी काही दुष्ट नाही, म्हटलं, त्यालाही कधीमधी चालवू द्यावी, सरळ रस्ता असेल तेव्हा. त्याच्या लायसन्सचा नंबर हवा होता. लायसन्स त्याच्या पाकिटात, पण कागदपत्रं तो टेबलाच्या खालच्या खणात ठेवतो, दुकानाच्या सवयीने, फायलीत. फाइल काढली.

वरच पत्र होतं, लायसन्सच्या कचेरीचं. तारीख सप्टेंबरअखेरची. डोळ्यांच्या डॉक्टरच्या अहवालावरून आपल्या लायसन्सवर पुढील अटी घालण्यात येत आहेत. घरापासून वीस किलोमीटरच्या आत. फक्त दिवसाउजेडी.

मी ते तीनदा वाचलं. आमचं घर ते गाव चार किलोमीटर, बोल्सचं मैदान तीन. बॅलरॅट एकशे नव्वद. स्टॉवेल पासष्ट.

मग माझी मला अशी लाज वाटली की मी उठून उगाच किटली लावली. त्रेचाळीस पोरांतला कुठला पोरगा कुणाचा डबा खातोय ते मला आरशातून दिसायचं. आणि इथे पाच महिने माझा नवरा माझ्यासमोर, दोन हातांवर, दुसऱ्याच्या शेजारी बसून प्रवास करतोय, आणि मला त्याच्या मानेच्या सुरकुत्यांपलीकडे काही दिसलं नाही. चिकट म्हणाले मी त्याला. मुलीसमोर म्हणाले. लाज ओसरली तसा राग आला आणि तो लाजेपेक्षा पुष्कळ मोठा होता. म्हणजे केल्व्हिनला माहीत होतं. त्या मुक्या ओंडक्याला माहीत होतं आणि मला नाही.

साडेचारला नेव्हिल आला. टोपी काढण्याआधीच त्याला टेबलावरचं पत्र दिसलं. ते मात्र बरोबर दिसलं.

"खण का उघडलास?" तो म्हणाला.

"लायसन्सचा नंबर हवा होता. मिळाला. काय झालंय डोळ्यांना?"

तो बसला. टोपी मांडीवर घेतली. "डावा गेलाच जवळजवळ. मधोमध डाग आहे. उजव्यालाही सुरू झालंय. सुया घेतो ना महिन्याला डोळ्यात, तेव्हा जरा थांबतं."

"महिन्याला सुया घेतोस? कधी?"

"पहिल्या सोमवारी. केल्व्हिन नेतो. घरी सांगतो, चष्म्याच्या तपासणीला जातो."

दर महिन्याला चष्म्याची तपासणी करणाऱ्या माणसाबद्दल मी रॉझलिनला म्हटलं होतं की याला त्या दुकानातली पोरगी आवडलेली दिसते.

"केल्व्हिनला सांगितलंस," मी म्हणाले.

"सांगावं लागलं नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही स्टॉवेलहून येत होतो, मी चालवत होतो. समोरून ट्रक आला तो मला दिसलाच नाही. केल्व्हिननं स्टिअरिंग ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि म्हणाला, यापुढे माझी गाडी. बस. पुन्हा त्यावर एक शब्द नाही."

"आणि मी सत्तेचाळीस वर्षं तुझ्या घरात आहे, मला सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं."

"मग?"

"तू हसली असतीस, ग्लेन."

काय बोलतोस, मी कशी हसेन, असं म्हणायला मी तोंड उघडलं. चांगलं वाक्य होतं, कुठल्याही बायकोला शोभेल असं. पण त्याच्याकडे बघून ते बाहेर पडेना. त्याच्या गाडी चालवण्यावर मी आजवर काय काय बोलले होते, लग्नात, बारशात, पोरांच्या शाळेच्या कार्यक्रमात, ते मला सगळं पाठ होतं. लोकांना फार आवडायचं.

"हसले असते," मी म्हणाले. "आधी हसले असते."

"हं," तो म्हणाला. रागावला नव्हता. पाऊस पडेल का असं विचारावं आणि कुणी हो म्हणावं, तसं मान हलवून त्याने ते घेतलं. मला ते एखाद्या थपडेपेक्षा जास्त लागलं.

"पण मग भाड्याच्या गाडीचा हट्ट कशाला?" थोड्या वेळाने मी विचारलं. "केल्व्हिनच चालवणार तर लीज का नको? त्याच्या नावावर घेतली असती."

"विल्मानं सगळ्या क्लबाला सांगून ठेवलंय ना, लीजची गाडी घरच्याच माणसांना चालवता येते. केल्व्हिनच्या नावावर घेतली की सगळ्यांना कळणार, नेव्हिल चालवत नाही. भाड्याची असली की म्हणता येतं, पाळीपाळीनं चालवतो. कुणी मोजायला येतंय का तिकडे?"

म्हणजे नऊ आठवडे मी मागे बसायचं, जास्त पैसे भरायचे, कशासाठी? तर मधमाश्यांवरच्या भाषणात घोरणाऱ्या साठ म्हाताऱ्यांना नेव्हिल अजून गाडी चालवतो असं वाटावं म्हणून! त्यातल्या निम्म्यांना तर आपली स्वतःची गाडी कुठे लावली ते आठवत नाही.

"नेव्हिल, मी मागे बसणार नाही," मी म्हणाले. "डोळ्यांचं वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. पण मागे बसणार नाही."

"माहीत आहे."

"गाडी लीजची, माझ्या नावावर. मी चालवणार. तू पुढे, माझ्या शेजारी. केल्व्हिनला मागे रॉझलिनजवळ टाकू, त्याचे गुडघे मावले तर."

"क्लबात काय सांगायचं?" त्याने विचारलं. इतक्या बारीक आवाजात की मला प्रथमच तो शाळेतला पोरगा दिसला, केल्व्हिनने बघितलेला.

"ते मी बघते," मी म्हणाले आणि फॉर्म पाठवून दिला. दुसऱ्या ड्रायव्हरची जागा मोकळी ठेवली.

केल्व्हिनला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "चालेल." रॉझलिनने मागून ओरडून विचारलं, आता संत्री कुणाला द्यायची.

मार्चच्या मंगळवारी क्लबात भाषण होतं ते गांडुळांवर. चहाच्या वेळी विल्मा टेट लॅमिंग्टनची, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेल्या केकच्या तुकड्यांची, ताटली घेऊन आलीच.

"मग? काय ठरलं? लीज की भाडं?"

सगळे ऐकतील इतपत आवाज मी मुद्दाम काढला. बसमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो.

"लीज. माझ्या नावावर. नेव्हिलला मी सांगून टाकलंय, नऊ आठवडे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्याचं नावसुद्धा फॉर्मवर घातलं नाही मी. फार कुरकुर केली त्यानं, पण माझ्यापुढे काय चालतंय!"

मी तयारीत होते. वाटलं होतं, कुणीतरी भुवया उंचावेल. कुणीतरी म्हणेल, ग्लेनिस, हे काय, तू असं करणारी नाहीस. निदान विल्मा तरी विचारेल, अगं पण का?

कुणालाही नवल वाटलं नाही. एकालासुद्धा नाही. विल्माने "वाटलंच होतं" अशी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. पुरुष मंडळी नेव्हिलभोवती जमली. एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कठीण आहे रे बाबा तुझं," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, "सत्तेचाळीस वर्षं! कशी काढलीस देव जाणे." आणि नेव्हिल, तो जुना ढोंगी, चक्क उसासा सोडून म्हणाला, "काय करणार? आहे ते आहे."

त्याने तिसरा लॅमिंग्टन उचलला. ऑक्टोबरपासून त्याचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. मी चहाच्या मोठ्या भांड्यापाशी उभी राहून एकेकाचा कप भरत होते. कुणी माझ्याकडे बघून हसलं नाही, आणि मला त्यांना खरं कारण सांगता येत नव्हतं.